डबा की किल्ली

भाऊ, तुमच्याशी मी शेवटचं बोलले ते खोटं बोलले.

फोन तुमचाच होता. पहिल्यांदा वाजला तेव्हा उचलला नाही, दुसऱ्यांदा उचलला. वाटलं, आता तो विषय निघणार. तुम्ही विचारलंत, "इन्व्हर्टरच्या बॅटरीत पानी टाकलं का?" मी म्हणाले, "टाकलं." तुम्ही म्हणालात, "बरं. ठेवतो मंग." एवढंच. मी सौसरला होते आणि बॅटरी पांढुर्ण्याला, तुमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये, तुमच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. चार शनिवार मी तिकडे फिरकले नव्हते. बॅटरीतलं पाणी खुणेच्या किती खाली गेलंय ते तुम्हाला बसल्या जागी दिसत होतं. तरी तुम्ही विचारलंत, आणि तरी मी टाकलं म्हणाले. त्यानंतर पाचव्या दिवशी वहिनींचा फोन आला, आणि तो तुम्ही गेल्याचा होता.

तेरवीला लोक तुमच्याबद्दल खूप चांगलं बोलले. वामनभाऊंनी गावातल्या अर्ध्या पोरापोरींना टायपिंग शिकवलं, वामनभाऊ साधे होते, वामनभाऊ कुणाला दुखवत नसत. सगळं खरं आहे, त्यात मला भर घालायची नाही. मला तुमच्याशी भांडण पुरं करायचं आहे. अर्धवट टाकून गेलात, हे काही बरं केलं नाहीत.

मी तुमच्याकडे आले ती हिंदी टायपिंग शिकायला. एका ऑफिसात जागा निघणार असं बाबांनी कुठून तरी ऐकलं होतं. जागा निघाली नाही. तेवढ्यात तुम्ही टायपिंगच्या मशीनी विकल्या, दोन जुने कॉम्प्युटर आणले आणि मला म्हणालात, "टायपिंग मरून राहिली पोरी. हे शीक." तुम्ही स्वतःच तेव्हा पुस्तकं वाचून प्रोग्रामिंग शिकत होता. आज वाचलेलं उद्या आम्हाला शिकवायचात, आणि अडलं की सरळ म्हणायचात, "हे मले बी नाई समजलं. उद्या पाहू." शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून असं वाक्य मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. 'सर' म्हटलेलं तुम्हाला चालत नसे. म्हणून सगळे भाऊ म्हणायचे, तुमच्याहून मोठी माणसंसुद्धा.

क्लोजरचा तास मला जसाच्या तसा आठवतो. तुम्ही सांगत होता, की फंक्शन म्हणजे लिहून ठेवलेलं काम, हाक मारली की ते काम होतं. पण काही फंक्शनं आज तयार होतात आणि त्यांना हाक मारली जाते सहा महिन्यांनी. ती जिथे तयार झाली ती जागा तोवर संपलेली असते. मग त्यांना लागणारी माहिती येते कुठून?

"घरून घेऊन निघते," तुम्ही म्हणालात. "वावरात जानारा मानूस लागन ते सोबत घेते का नाई? तसंच. अशा फंक्शनले क्लोजर म्हन्तेत."

मी विचारलं, "सोबत काय घेते भाऊ? डबा का घराची किल्ली?"

मागून कोणी तरी फिसकन हसलं. तुम्ही हसला नाहीत. खडू खाली ठेवून म्हणालात, "पुन्हा सांग." मी सांगितलं, डबा नेला तर सकाळी घरात जे शिजलं होतं तेच दुपारी मिळणार. किल्ली नेली तर दुपारी घर उघडून पाहता येईल, आणि तेव्हा घरात जे असेल ते मिळेल. दोन्ही एक नाही. तुम्ही फळ्याकडे वळून पाहिलंत आणि म्हणालात, "किल्ली. ऑब्जेक्ट, म्हंजे पुरी नोंद असन तर किल्लीच," आणि समोरच्या टपरीवरून सगळ्यांना चहा आणवलात. माझ्या प्रश्नाला चहा मिळाल्याची ती पहिलीच वेळ. मी पुढे प्रोग्रामिंगच करायचं हे त्या चहावर ठरलं, असं मी आज म्हणते. तेव्हा फक्त खूप आनंद झाला होता.

मग संत्र्याचा प्रोग्राम आला. मी सौसरला क्लासमध्ये शिकवायला लागले होते आणि दर शनिवारी तुमच्याकडे यायची. तुमचं बालपण बागेत गेलेलं, त्यामुळे संत्र्याच्या झाडाची खोड तुम्हाला ठाऊक. त्याला बहार यावा असं वाटत असेल तर आधी पाणी तोडून महिनाभर उपाशी ठेवावं लागतं. त्यालाच ताण देणं म्हणतात. आंबिया बहार धरायचा तर ताण हिवाळ्यात, मृग धरायचा तर उन्हाळ्यात. दिवस चुकले की वर्ष गेलं. तुम्ही ठरवलंत, प्रत्येक बागवाल्याला त्या त्या दिवशी मोबाइलवर निरोप गेला पाहिजे, आणि तो त्याच्या घरात बोलतात त्या भाषेत.

नोंदी करायला आपण तुमच्या मोपेडवर हिंडलो. लोधीखेड्याच्या रस्त्याला दोनदा पंक्चर झाली. मी मोबाइलवर नाव, नंबर, झाडं भरत असायची आणि तुम्ही उकिडवे बसून झाडाच्या बुडाची माती बोटाने उकरून बघत असायचात. मी म्हणायची, भाऊ, ओलाव्याचा रकाना नाहीये आपल्याकडे. तुम्ही म्हणायचात, "रकाना नाई म्हून का पाहूच नाई?"

प्रोग्राममध्ये प्रत्येक बाग म्हणजे एक ऑब्जेक्ट. त्यात मालकाचं नाव, फोन, झाडं, बहार, पाणी. तुमच्या खोलीतली कॉम्प्युटरची मशीन सुरू झाली की ती वर्षभराचे निरोप एकदमच तयार करून रांगेत उभे करायची. प्रत्येक निरोप एक फंक्शन, आणि प्रत्येकाच्या हातात आपापल्या बागेची किल्ली. दिवस उगवला की निरोप आधी बाग उघडून पाहायचा. इथे अजून मृगच आहे ना? नसेल तर गप्प बसायचा. तुमची ही रचना किती शहाणी होती हे मला फार उशिरा कळलं.

कारण मधे वच्छलाबाई आल्या. बोरगावच्या वच्छलाबाई, आपल्या यादीत सगळ्यात शेवटच्या. दसऱ्याच्या सुमारास तुम्ही प्रोग्राम नव्याने लिहिलात, आणि यादीतलं एकेक नाव घेत लूप फिरवताना सगळ्या निरोपांना किल्ली दिलीत ती एकाच खुंटीवरची. यादी पुढे सरकत गेली तशी खुंटीवरची किल्ली बदलत गेली, आणि शेवटी तिथे राहिली ती वच्छलाबाईंची. सकाळी साठ बागांना जायचा फवारणीचा निरोप साठही वेळा त्यांनाच गेला. त्यांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते.

"काहून भाऊ, माह्या बागेत आग लागली का बाप्पा? फोन थांबूनच नाई राहिला!"

तुम्ही माफी मागितलीत, तर म्हणाल्या, "आता साठ डाव सांगतलं म्हन्ल्यावर फवाराच लागन." आणि खरंच त्यांनी त्याच दिवशी फवारलं. आपण दोघं इतके हसलो, की वहिनी पिठाच्या हातांनी बघायला आल्या.

हसून झाल्यावर तुम्ही वही काढलीत. मशीनशेजारी खिळ्याला सुतळीने टांगलेली शाळेची वही, आपली चुकांची. नियम तुमचाच होता. चूक झाली की काय झालं ते लिहायचं, कुणाची चूक ते लिहायचं, खाली नाव टाकायचं. कारण लिहायचं नाही. "कारन लिवलं का चूक लहान होते," असं तुम्ही म्हणायचात. त्या दिवशी तुम्ही लिहिलंत, 'वच्छलाबाईंना साठ निरोप. चूक माझी. वामन.'

दुरुस्ती एका शब्दाची होती. प्रत्येक निरोपाला आपली वेगळी खुंटी दिली की झालं. पण मी दिवाळीच्या सुट्टीत येऊन बसले आणि एक अख्खी ओळ घातली. निरोप तयार होतानाच पूर्ण बागेची कॉपी करायची आणि ती त्याच्या हातात द्यायची. किल्ली नकोच, डबाच.

"कायले?" तुम्ही विचारलंत.

"किल्ली घेऊन गेलं आणि घरात भलतंच कोणी बसलेलं असलं तर? वच्छलाबाईंसारखं?"

"अन् डबा नासला तर? सकाळचं अन्न संध्याकाळलोक टिकते. बाग सहा सहा महिने उभी रायते पोरी. बदलते ते."

"बदललं तर फोन करून कळवतील ना."

"कळवतीन. ऑब्जेक्टले कळन. डब्याले कोन सांगन?"

मी आवाज चढवला. म्हणाले, तुमच्या किल्लीने साठ निरोप एकीला गेले, माझ्या डब्याने एकही चुकणार नाही. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "ठीक हाय. तुही ओळ हाय. राहू दे. पाहू." मला वाटलं, जिंकले. आज सांगते, मला तुमचा त्या 'पाहू'चा राग आहे. तुम्हाला दिसत होतं. मला अडवायला हवं होतं. पण समोरच्याला आपल्या हाताने करू द्यायचं, ही तुमची शिकवायची रीतच होती, आणि त्याच रीतीने मी घडले. त्यामुळे नीट रागावताही येत नाही.

मोहगावचे रामटेके काका तुमच्याकडे मीच आणले. विहारात बाबांच्या शेजारी बसणारे, मला लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून फिरवणारे. नगर पंचायतीत ते नळाच्या व्हॉल्व्हवर होते. गावाला पाणी सोडायचं आणि गावाचं पाणी बंद करायचं, उभा जन्म हेच केलं. रिटायर झाल्यावर त्यांनी नव्वद झाडांची बाग घेतली. आयुष्यातली पहिली. नोंद केली तेव्हा त्यांना मृग धरायचा होता. हिवाळ्यात विचार बदलला, आंबिया धरतो म्हणून फोन आला, आणि मी स्वतः ऑब्जेक्टमध्ये मृगाच्या जागी आंबिया केलं. आंबियाचे नवे निरोप रांगेत लागले. मृगाचे जुने निरोप रांगेतच होते. पूर्वीसारखी किल्ली असती तर ते बाग उघडून पाहून गप्प बसले असते. आता त्यांच्या हातात दिवाळीत भरलेला डबा होता, आणि डब्यात मृगच होता.

मे महिन्यात, झाडावर लिंबाएवढी फळं असताना, काकांना निरोप गेला. 'पानी तोडा. ताण सुरू करा.'

मुरलेला बागवाला असता तर दोन शिव्या देऊन त्याने तो पुसून टाकला असता. काकांनी व्हॉल्व्ह बंद केला. नोकरीत वरून बंद म्हटलं की बंद करायचं आणि चालू म्हटलं की चालू करायचं, ही हाताला लागलेली सवय. शिवाय निरोप वामनभाऊंचा होता. नवव्या दिवशी शेजारचा बागवाला सहज म्हणून आला आणि कपाळाला हात लावून बसला. निम्म्याहून जास्त फळ खाली पडलं होतं.

एक गोष्ट मला अजून टोचते. मधल्या काळात मशीन एकदा जरी बंद होऊन सुरू झाली असती तरी सगळे निरोप ताज्या नोंदीवरून नव्याने तयार झाले असते, आणि काकांची बाग वाचली असती. पांढुर्ण्यात वीज काय कमी जाते? पण आपला इन्व्हर्टर होता ना. दर शनिवारी मी बॅटरीत पाणी टाकायची आणि तुम्ही फडक्याने तिची टोकं पुसायचात. दिवाळीपासून मशीन एक क्षण बंद पडली नाही. आपण दोघांनी मिळून ती चूक इतक्या निगुतीने जपली.

काका तुम्हाला भेटले ते बाजाराच्या दिवशी, भर बाजारात. मी तुमच्याबरोबर होते, वहिनींनी सांगितलेला सांबार, कोथिंबिरीच्या दोन जुड्या, घेत होते. काका मोठ्याने बोलणारे नाहीत. त्या दिवशी बोलले.

"भाऊ, तुमच्या भरोशावर व्हॉल्व्ह बंद केला मी. पयली बाग होती माही. मानूस असता तर एकडाव झाडाकडे पाहून बोलला असता. तुमची मशीन आंधळी हाय, अन् तुमी बी!"

लोक थांबून बघायला लागले. तुम्ही हात जोडलेत. "गलती माही हाय काका," तुम्ही म्हणालात. "माही एकट्याची."

मी दोन हात अंतरावर उभी होते. ती ओळ कुणाची हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. कुठली ओळ कुणी लिहिली ते मशीन नोंदवून ठेवते, आणि आदल्याच दिवशी तुम्ही ते उघडून पाहिलं होतंत. मला तोंड उघडायला भरपूर वेळ मिळाला. पण विहार डोळ्यांसमोर आला, बाबा आले, सायकलची दांडी आली, आणि मी खाली मान घालून सांबाराची पानं निवडत राहिले. घरी न्यायच्या आधीच इतका स्वच्छ निवडलेला सांबार वहिनींनी कधी पाहिला नसेल.

तुम्ही मला बसस्टँडपर्यंत सोडायला आलात. तुम्ही दोन शब्द सुनावले असते तर सुटले असते. तुम्ही माझ्यासाठी रुमाल टाकून बसमध्ये जागा धरलीत. पुढचा शनिवार मी शरमेने चुकवला, त्याच्या पुढचाही. तिसऱ्या शनिवारी मला तुमचाच राग यायला लागला. कुणी सांगितलं होतं यांना माझी चूक अंगावर घ्यायला? मोठेपणा करून मला कायमचं खाली ठेवलं. असं मी घरात बसून मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते, आणि चौथ्या शनिवारनंतर तुमचा तो बॅटरीचा फोन आला. ये म्हणून सांगायची तुमची ती पद्धत होती, हे मला फोन ठेवतानाच कळलं होतं. तरी मी आले नाही. हे मला आता कुठेच नेऊन ठेवता येत नाही, भाऊ.

तेरवीनंतर वहिनींचा फोन आला. "सुजाता, या मशीनीचं का करू वं? सारखा आवाज करून राहिली. बंद करू का?"

मी म्हटलं, हात लावू नका, मी येते. पण तुमच्या त्या खोलीत तशीच शिरायची माझी हिंमत नव्हती. आधी मोहगावला गेले.

काका बागेत पाईप सरळ करत होते. मी बसले नाही, उभ्यानेच सांगितलं. "काका, ती चूक वामनभाऊंची नव्हती. ओळ माझी होती."

"कोनती ओळ?"

मी त्यांना डबा आणि किल्ली समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मतलब टाकीत पानी किती हाय ते पाहाचंच नाई, अन् सकाळच्या चिठ्ठीवर व्हॉल्व्ह फिरवाचा?"

"हो काका."

"अन् मी बी झाड न पाहता फिरवला."

मी बोलणी खायच्या तयारीने गेले होते. काका माझ्यावर चिडले नाहीत. त्यांचा चेहराच उतरला. "म्हंजे त्या मानसाले मी बाजारात जे बोललो..." मग विचारलं, "त्यायले माहीत होतं? तुही ओळ हाय म्हून?"

"होतं."

काका हातातला पाईप तसाच धरून उभे राहिले. मी फक्त माझं ओझं उतरवायला गेले होते, आणि ते त्यांच्या खांद्यावर ठेवून मोकळी झाले, असं मला वाटलं. ज्या माणसाची माफी मागायची तो माणूसच त्यांना उरला नव्हता. हे मी आधी धरलंच नव्हतं. तरी सांगायलाच हवं होतं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. फक्त त्याच दिवशी बाजारात सांगायला हवं होतं, तुम्ही होता तेव्हा.

काकांनी पाईप खाली ठेवला. "चाल. पांढुर्ण्याले जाऊ."

वहिनींनी खोली उघडून दिली. मशीन घरघरत होती, पण निरोप पाठवायचं तिचं सिम जागेवर नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "मे महिन्यातच काढून ठेवलं त्यायनं. रोज सकाळी स्वताच फोन करत. दहा जनाले आज, दहा जनाले उद्या. झाड कसं हाय, पानी किती देऊन राहिले. मी म्हन्लं, एवढा ताप कायले, ते एक ओळ बदलून टाका ना. तं म्हने, ओळ पोरीची हाय, थेच बदलन. येईन ते."

तेव्हा मला रडू आवरलं नाही. चार शनिवार मी घरात बसून तुमच्यावर रागावत होते, आणि तुम्ही माझी एक ओळ तशीच ठेवून साठ बागांना फोन करत होता. वहिनींनी मला रडू दिलं. मग पाण्याचा तांब्या समोर ठेवून म्हणाल्या, "आता ऊठ. कामाले लाग."

वही खिळ्यालाच होती. शेवटच्या नोंदीखाली सिम चिकटपट्टीने लावलेलं, आणि वर तुमचं अक्षर. 'मोहगावची फळगळ. चूक माझी. वामन.' अख्ख्या वहीत एवढी एकच नोंद खोटी, आणि ती तुमची.

मी तुमच्या खुर्चीवर बसले नाही, माझ्या स्टुलावर बसले. आपलं भांडण असं मिटवलं आहे. निरोप कुणाला द्यायचा, ते डब्यात. काय द्यायचा, ते किल्लीने. नाव आणि फोन निरोप तयार होतानाच बांधून दिले, म्हणजे पुन्हा कुणी वच्छलाबाई मधे यायला नको. बहार, पाणी, फळ हे त्या दिवशी बाग उघडूनच पाहायचं. आणि आपल्या दोघांच्याही डोक्यात न आलेली एक गोष्ट काकांमुळे घातली. पाणी तोडा म्हणण्याआधी मशीनने मालकाला विचारायचं, झाडावर फळ आहे का? उत्तर आल्याशिवाय काही बोलायचं नाही. तुमचं निम्मं बरोबर होतं, मी कबूल करते. माझंही निम्मं बरोबर होतं, आणि ते तुमच्याकडून कबूल करून घ्यायला मला फार आवडलं असतं. समोर कोणी 'पाहू' म्हणायला नसताना भांडण जिंकण्यात काही अर्थ नाही. सोमवारी मी क्लासमध्ये क्लोजर शिकवणार आहे. डबा आणि किल्ली सांगणार, वच्छलाबाई सांगणार, मोहगावची बागही सांगणार, आणि ओळ कुणाची होती तेही सांगणार. भिंतीला एक वहीही टांगणार.

मग मशीन बंद केली. खोलीत एकदम इतकं शांत झालं, की वहिनी आतून धावत आल्या. "अवं, का झालं?" मी म्हटलं, काही नाही वहिनी, पुन्हा सुरू करते. नावं एकेक करून वर सरकायला लागली. काका चष्मा लावून पडद्याला नाक टेकवून बसले होते. त्यांचं नाव आलं. आंबिया. एकदाच.

वहीतली तुमची नोंद मी खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं, 'वरची नोंद खरी नाही. मोहगावची फळगळ. चूक माझी. सुजाता.' कारण लिहिलं नाही.

काकांनी हात पुढे केला. "पेन दे इकडं."

त्यांचं अक्षर मोठं आहे, नोकरीतल्या रजिस्टरसारखं. एकेक शब्द दाबून लिहिला. 'वामनभाऊंना भर बाजारात बोललो. चूक माझी. रामटेके.' लिहून झाल्यावर त्यांनी शाई वाळेपर्यंत वही उघडी धरून ठेवली. वहिनींनी ती वाचली, पदराने डोळे टिपले आणि चहा ठेवायला गेल्या.

सिम परत जागेवर लावलं आहे. काकांनी बाटली धरली, मी झाकणं उघडली. बॅटरीत पाणी टाकलं, भाऊ. खुणेपर्यंत. काका बघत होते.